शिकाऊ उमेदवारी: शहापूर-मुरबाडच्या मुलामुलींनी कुठे शोधावी, कशी नोंदवावी

वासिंद-आसनगावच्या पट्ट्यात किंवा मुरबाड एमआयडीसीत एकाच फिटरच्या हाताखाली दोन पोरं राबताना दिसतात. पाने एकच, तेलकट हात एकसारखे. पण एक असतो ठेकेदाराचा हेल्पर आणि दुसरा नोंदणीकृत शिकाऊ उमेदवार. पहिल्या महिन्याला हेल्परच्या हातात बऱ्याचदा जास्त पैसे पडतात, त्यामुळे घरी विचारणा होते, ‘तो एवढे आणतो, मग तू एवढेच कसे?’ वर्ष सरल्यावर मात्र उमेदवाराजवळ देशात कुठेही चालणारं प्रमाणपत्र असतं. हेल्परजवळ ठेकेदाराचा मोबाइल नंबर असतो, तोही कधीकधी बदललेला. हे प्रमाणपत्र ज्या करारातून मिळतं तो करार कुठे शोधायचा आणि कसा नोंदवून घ्यायचा, ते पुढे दिलं आहे.

कोणत्या कारखान्याला उमेदवार घ्यावेच लागतात

मूळ शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ सालचा, १ मार्च १९६२ पासून लागू झालेला. आज व्यवहारात चालतात ते बदल २०१४ ची दुरुस्ती आणि २०१९ चे सुधारित नियम यांनी आणलेले आहेत. ज्या आस्थापनेत ३० किंवा त्याहून जास्त माणसं आहेत तिला उमेदवार घेणं बंधनकारक आहे. ४ ते २९ माणसांच्या आस्थापनेला ऐच्छिक. किती घ्यायचे, तर एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. दोनशे माणसांच्या कारखान्यात कमीत कमी पाच, जास्तीत जास्त तीस.

इथे एक बारकावा आहे आणि तो आपल्या भागासाठी फार कामाचा आहे. हे मनुष्यबळ मोजताना ठेकेदारी कामगारही धरले जातात. ‘आमच्याकडे पर्मनंट बाराच आहेत, आम्हाला कायदा लागत नाही’ असं सांगणाऱ्या कंपनीत ठेकेदाराची चाळीस माणसं असतील, तर कायदा लागतो.

उमेदवार कमी घेतले तर दंड आहे, पण किती? २०१४ च्या दुरुस्तीने तो कमी पडलेल्या प्रत्येक उमेदवारामागे पहिले तीन महिने दरमहा ५०० रुपये आणि त्यानंतर दरमहा १,००० रुपये असा ठरला. मोठ्या कंपनीच्या हिशेबात हा आकडा कुठे दिसणारही नाही. म्हणून कायद्याच्या धाकाने गेट आपोआप उघडेल अशी आशा धरू नये, जागा शोधावीच लागते.

कोण करू शकतं

वय किमान १४, आणि धोकादायक उद्योगात १८. कमाल वय कायद्यात नाही, पण रेल्वेसारख्या आस्थापना आपापल्या जाहिरातीत ते घालतात.

सगळ्यात सरळ वाट आयटीआय उत्तीर्णांची. फिटर, टर्नर, वेल्डर, वायरमन, इलेक्ट्रिशियन, डिझेल मेकॅनिक असा दोन किंवा एक वर्षाचा ट्रेड झालेला असला की पायाभूत प्रशिक्षण माफ होतं आणि थेट कारखान्यात, साधारण एका वर्षासाठी, उमेदवारी मिळते. आयटीआय न केलेल्यांनाही दार बंद नाही. पाचवी, आठवी, दहावी, बारावी अशा पात्रतेवर ‘फ्रेशर’ म्हणून जाता येतं. मात्र त्यांना आधी पायाभूत प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि एकूण कालावधी वाढतो. ऐच्छिक ट्रेडमध्ये, म्हणजे जे कंपनीने स्वतः आखून पोर्टलवर मांडलेले असतात त्यात, हा कालावधी सहा महिने ते तीन वर्षं असू शकतो.

डिप्लोमा आणि पदवीवाल्यांचं पोर्टल वेगळं, नॅट्स नावाचं. त्यांचं काम शीव इथल्या शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळाच्या पश्चिम विभागाकडे चालतं. हा लेख हातकामाच्या ट्रेडपुरता आहे, त्यामुळे तिकडे वळत नाही.

मुलींबद्दल एवढंच: एकाही ट्रेडला बंदी नाही. अडचण येते ती दुसऱ्या पाळीनंतर किन्हवली किंवा टोकावड्याकडे परतायला गाडी नसण्याची. ते मुलाखतीलाच विचारून घ्यावं, लाजू नये.

विद्यावेतन, आणि त्यातला सरकारचा तुकडा

उमेदवाराला मिळतं त्याला पगार न म्हणता विद्यावेतन म्हणतात. २०१९ च्या नियमांनी ठरवलेले किमान दर दरमहा असे आहेत: पाचवी ते नववी ५,००० रुपये, दहावी ६,०००, बारावी किंवा आयटीआय ७,०००, डिप्लोमा ८,०००, पदवीधर ९,०००. दुसऱ्या वर्षी दहा टक्के आणि तिसऱ्या वर्षी पंधरा टक्के वाढ. हा तळ आहे, कंपनीला जास्त द्यायला कुणी अडवलेलं नाही. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने हे दर ३६ टक्क्यांनी वाढवून ६,८०० ते १२,३०० रुपयांपर्यंत न्यावेत अशी शिफारस केली. तेव्हा करारावर सही करायच्या दिवशी लागू असलेला दर पोर्टलवर बघूनच पेन उचलावं.

आता तो तुकडा. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना २०१६ मध्ये सुरू झाली. तिच्यात किमान विद्यावेतनाचा पंचवीस टक्के भाग, जास्तीत जास्त दरमहा १,५०० रुपये, केंद्र सरकार देतं. पूर्वी हे पैसे कंपनीला परत मिळायचे. आता ते उमेदवाराच्या आधार जोडलेल्या खात्यात थेट येतात. त्यामुळे कंपनीकडून खात्यात कमी रक्कम आलेली दिसते आणि घरी आरडाओरडा होतो. आधी बघावं, सरकारी वाटा वेगळा जमा झाला आहे का. झाला नसेल तर बहुतेक वेळा खातं आधारला जोडलेलं नसतं, किंवा जोडलेलं असतं ते आईबरोबर काढलेलं जुनं खातं. मुरबाड तालुक्यातलं धसई डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजलं होतं. पण बँकेत जाऊन ‘माझं आधार कोणत्या खात्याला जोडलंय’ एवढं विचारायचं काम आजही कुणी टाळू नये.

राज्याची वेगळी योजना २०२१ पासून आहे, महाराष्ट्र शिकाऊ उमेदवारी योजना. तिच्यात विद्यावेतनाचे ७५ टक्के किंवा दरमहा ५,००० रुपये, यातली कमी रक्कम आस्थापनेला परत देण्याची तरतूद केली गेली. मुरबाडच्या एखाद्या छोट्या वर्कशॉपवाल्याला हे ठाऊकच नसतं. ‘मला परवडत नाही’ म्हणणाऱ्या मालकाला हे सांगून बघावं. आयटीआयचे निदेशक अशा वेळी सोबत आले तर बोलणं पुढे सरकतं.

पोर्टलवरची नोंदणी

केंद्राचं अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टल हे एकच अधिकृत ठिकाण. नोंदणी फुकट आहे. आधार, आधारला जोडलेला मोबाइल, दहावीची गुणपत्रिका, आयटीआयचं प्रमाणपत्र, बँक पासबुक आणि फोटो एवढं हाताशी हवं. अनुसूचित जमातीचे असाल तर जातीचा दाखलाही ठेवा, कारण उमेदवारांमध्ये अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गासाठी जागा राखून ठेवण्याची तरतूद कायद्यातच आहे. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली अशा वस्त्यांमधून येणाऱ्या मुलांना दाखल्याची अडचण असेल, तर शहापूरचं एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय हे विचारण्याचं पहिलं ठिकाण.

सगळ्यात जास्त अर्ज कशाने अडकतात? नावाने. आधारवर ‘संतोष काळू’, दहावीवर ‘संतोष काळुराम’, आयटीआयवर आडनाव आधी. पोर्टलला हे तीन वेगळे लोक वाटतात. आधी आधार दुरुस्त करून घ्यावं, मग नोंदणी. उलट केलं तर दुप्पट हेलपाटे पडतात.

सेवा केंद्रातून अर्ज भरायचा असेल तर भरा, पण पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहून घ्या आणि मोबाइल नंबर स्वतःचाच द्या. केंद्रवाल्याने आपला नंबर टाकला आणि कंपनीचा निरोप त्याच्याकडेच राहिला, असं घडतं.

नोंदणी झाल्यावर ठाणे जिल्हा आणि आपला ट्रेड निवडून जागा शोधता येतात आणि अर्ज करता येतो. पण पोर्टलवर जागा दिसली म्हणजे कंपनीला माणूस आजच हवा आहे, असं नसतं. काही जागा केवळ आकडा भरण्यासाठी टाकलेल्या असतात. म्हणून पोर्टलच्या जोडीला पायपीट लागतेच.

आयटीआयची खिडकी

शहापूर आणि मुरबाड दोन्हीकडे शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. आयटीआय पास झाल्यावर मुलं तिकडे फिरकतात ती थेट मूळ प्रमाणपत्र घ्यायलाच. खरं तर उमेदवारीची माहिती सर्वांत आधी तिथेच पोचते. राज्याच्या हद्दीतल्या आस्थापनांचं उमेदवारीचं काम ‘बीटीआरआय’ म्हणजे मूलभूत प्रशिक्षण तथा अनुषंगिक सूचना केंद्रांमार्फत चालतं. आपल्या आयटीआयचं काम कोणत्या केंद्राला जोडलेलं आहे हे निदेशकांना विचारून घ्यावं. कोणत्या कंपनीने मागच्या वर्षी किती मुलं घेतली आणि किती जणांनी मधेच सोडलं, हेही त्यांना पाठ असतं.

२०२२ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी प्रधानमंत्री राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी मेळावा भरवण्याची पद्धत आहे. बहुतेक वेळा तो आयटीआयमध्येच असतो. मूळ कागद आणि दोन-तीन झेरॉक्स संच घेऊन जावं. मेळाव्यात कंपनीचा माणूस समोर बसलेला असतो आणि पाळी, बस, कॅन्टीन सगळं विचारता येतं. पोर्टलवर हे विचारायची सोय नाही.

जवळ काय आहे, लांब काय आहे

शहापूर तालुक्यातले कारखाने मुख्यतः मुंबई-नाशिक महामार्ग आणि कसारा लोकल यांच्या कडेने आहेत: वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी. वासिंदला जिंदाल समूहाने १९८२ मध्ये पोलाद कारखाना उभारला. आज तिथे जेएसडब्ल्यूचं कोटेड स्टीलचं काम चालतं. टूथपेस्टच्या लॅमिनेटेड ट्यूबसाठी ओळखली जाणारी ईपीएल, पूर्वीची एस्सेल प्रोपॅक, हिचं नोंदणीकृत कार्यालयही वासिंदचंच. मुरबाडला एमआयडीसी आहे. टेक्नोक्राफ्टसारखी, ड्रमची झाकणं आणि स्कॅफोल्डिंग परदेशी पाठवणारी कंपनी तिथलीच.

खाजगी कंपनीत अर्ज करण्याआधी ती एकाच राज्यात आहे की चार किंवा अधिक राज्यांत, हे बघून ठेवावं. चार किंवा अधिक राज्यांत पसरलेल्या आस्थापना केंद्राच्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे येतात, बाकीच्या राज्याच्या सल्लागाराकडे. पुढे तक्रार करायची वेळ आली तर कुठे जायचं ते यावरून ठरतं.

सरकारी जागांमध्ये लोक रेल्वेचं नाव घेतात, एसटी विसरतात. शहापूर आणि मुरबाडला एसटीचे आगार आहेत आणि महामंडळ डिझेल मेकॅनिक, मोटर मेकॅनिक, शीट मेटल, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, पेंटर अशा ट्रेडचे उमेदवार घेत असतं. ठाणे विभागाच्या जाहिरातीवर लक्ष ठेवावं. अर्ज पोर्टलवर भरायचाच, शिवाय विभागीय कार्यालयाचा छापील अर्ज मागितला असेल तर तोही. वायरमन आणि इलेक्ट्रिशियनसाठी महावितरण. खांबावरचं काम शिकायला यापेक्षा चांगली जागा नाही, आणि जिवाची काळजी घ्यायला शिकण्याचीही तीच जागा.

मुरबाडला अजून रेल्वे नाही. कल्याण एसटीने सुमारे तीस किलोमीटर, आणि सकाळची पाळी गाठायची तर पहिली गाडी चुकवून चालत नाही. त्यामुळे मुरबाडच्या मुलाने आधी कुडवली-धानिवली बाजूच्या कंपन्या, मग अंबरनाथ-बदलापूर, मग कल्याण असा क्रम लावावा. अंबरनाथला आयुध निर्माणी आहे, २०२१ पासून यंत्र इंडिया लिमिटेडच्या छत्राखाली, आणि तिच्या उमेदवारीच्या जाहिराती देशपातळीवर निघतात. शहापूरच्या मुलाला लोकलचा पास हाताशी असल्याने मुंबईपर्यंतची वाट खुली, पण डोळखांबहून आसनगाव गाठायलाच किती वेळ जातो तो हिशेबात धरावा. सात हजारांच्या विद्यावेतनात रिक्षाचे रोजचे पैसे धरले की उरतं काय, हे वहीत मांडून बघा. माझ्या मते दूरच्या मोठ्या नावापेक्षा जवळची मध्यम कंपनी बऱ्याचदा बरी, कारण वर्ष पुरं करणारा उमेदवारच शेवटी प्रमाणपत्र नेतो. याला एक अपवाद आहे.

रेल्वे आणि गोदी

मध्य रेल्वे गेली काही वर्षं दरवर्षी सुमारे २,४०० उमेदवारांची जाहिरात काढते. मुंबई, भुसावळ, पुणे, नागपूर, सोलापूर असे तिचे गट असतात. मुंबई गटात परळ आणि माटुंग्याचे वर्कशॉप, कुर्ला आणि कल्याणचे शेड येतात. लेखी परीक्षा नसते. दहावीचे आणि आयटीआयचे गुण यांची सरासरी काढून यादी लागते. दहावीला किमान ५० टक्के आणि वय १५ ते २४ ही अट, अनुसूचित जाती-जमातीला वयात पाच वर्षांची आणि इतर मागासवर्गाला तीन वर्षांची सूट. अर्जाचं शुल्क १०० रुपये, महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीला तेही माफ. ज्यांचे दहावीचे गुण साधारण आहेत त्यांनी आयटीआयची दोन वर्षं मनावर घ्यावी, कारण यादीत वर सरकण्याची तीच एक जागा उरलेली असते.

माझगाव डॉकची पद्धत निराळी. तिथे आठवी उत्तीर्ण, दहावी उत्तीर्ण आणि आयटीआय उत्तीर्ण असे तीन गट आहेत आणि निवड परीक्षेवर होते. आठवीनंतर हुशार मुलगा शाळेला कंटाळला असेल तर ही जाहिरात त्याच्या बापाच्या नजरेस कुणीतरी आणून द्यायला हवी. वीटभट्टीच्या हंगामात कुटुंबच गाव सोडतं तिथे ती आपोआप पोचत नाही. आश्रमशाळेच्या मास्तरांनी मनावर घेतलं तर पोचते.

करारनामा: सही करण्याआधी

उमेदवारी सुरू होते ती करार नोंदला गेल्यावर. करार पोर्टलवर तयार होतो. त्यावर कंपनी आणि उमेदवार, उमेदवार अठराच्या आत असेल तर पालक, यांची संमती लागते आणि नोंदणी क्रमांक पडतो. हा क्रमांक मागून घ्यावा. ‘आधी कामाला लाग, कागद नंतर होतील’ असं कुणी म्हटलं तर आपण हेल्पर झालो असं समजावं.

करारात तीन गोष्टी बघाव्यात: ट्रेडचं नाव, सुरुवात आणि शेवटाची तारीख, विद्यावेतन. टर्नरच्या करारावर पॅकिंगचं काम चालत नाही. पॅकिंग महिनाभर करावं लागलं तर समजू शकतं, वर्षभर नव्हे.

उमेदवाराचे हक्क कुठवर

कायद्याच्या नजरेत उमेदवार हा प्रशिक्षणार्थी, कामगार नव्हे. त्यामुळे भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय त्याला लागू नसतात. ‘पीएफ कापला’ असं कुणी सांगत असेल तर तो उमेदवार म्हणून नोंदलेला नाही, याचीच ती खूण. पण अपघात झाला तर नुकसानभरपाईची जबाबदारी मालकाचीच. ओव्हरटाइम सल्लागाराच्या परवानगीशिवाय करून घेता येत नाही. सुट्ट्या आणि रजा कंपनीत इतरांना असतात तशाच. आवणीच्या दिवसांत चार दिवस घरी लागणार असतील तर जूनमध्येच सांगून रजा मांडावी. न सांगता राहिलं तर हजेरीत खाडा पडतो आणि तो परीक्षेपाशी येऊन अडवतो. विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत मिळायला हवं. तक्रार आधी निदेशकांकडे, मग सल्लागाराच्या कार्यालयात, आणि ती लेखीच असावी.

यासारखं दिसणारं, पण हे नसलेलं

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली. बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये. मुदत आधी सहा महिने होती, पुढे वाढवली गेली. पैसे उमेदवारीपेक्षा बरे दिसतात, पण ही शिकाऊ उमेदवार अधिनियमातली उमेदवारी नाही आणि शेवटी ट्रेडची अखिल भारतीय परीक्षाही नाही. घरात आज पैशाची निकड असेल तर करावी, त्यात गैर काही नाही. आपण काय निवडतो आहोत एवढं माहीत असावं.

‘ट्रेनी’, ‘इंटर्न’, ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ ही नावं कंपन्या सैल हाताने वापरतात. नाव काहीही असो, नोंदणी क्रमांक आहे का ते विचारावं. आणि अनामत, गणवेशाचे पैसे, ‘जॉइनिंग चार्ज’ मागणारा एजंट भेटला तर तिथूनच परत फिरावं.

परीक्षा, प्रमाणपत्र, नोकरी

मुदत संपली की अखिल भारतीय ट्रेड परीक्षा होते आणि उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. मधेच सोडलेल्याला ते मिळत नाही, मग अकरा महिने झालेले असोत.

नोकरी द्यायलाच हवी असं कायदा मालकाला सांगत नाही, करारात तसं लिहिलेलं असेल तरच तो बांधील. पण १९९५ मध्ये उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की इतर बाबी सारख्या असतील तर थेट भरतीतल्या उमेदवारापेक्षा प्रशिक्षित शिकाऊ उमेदवाराला प्राधान्य द्यावं. सार्वजनिक महामंडळांतले उमेदवार आजही याच निकालाचा आधार घेतात. रेल्वेत तर लेव्हल-१ च्या भरतीत रेल्वेच्या आस्थापनांत उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी २० टक्के जागा राखलेल्या असतात. परीक्षा मात्र द्यावीच लागते. आसनगावहून माटुंग्यापर्यंतची वर्षभराची धडपड परवडते, असं मी वर अपवाद म्हणून म्हटलं, ते या २० टक्क्यांमुळे.